कांदेनवमी ते गोपाळकाला : पंढरीतील सात दिवसांचे बाहेरचे अन्न

आषाढी यात्रेच्या दिवसांत पंढरपूरचा रहिवासी हा आपल्याच गावात पाहुणा असतो, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. आणि ते खरेही आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाच्या दिंड्या ठरलेल्या वाड्यांत उतरतात. ओसरी, माजघर, माडी, परसू सारे त्यांच्या स्वाधीन होते आणि घरची माणसे एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत वळकट्या लावून राहतात. आमच्या वाड्यातही आजोबांच्या वेळेपासून एक दिंडी उतरते. नवमीच्या सकाळी त्यांची भांडी येतात, चुली मांडल्या जातात आणि तेथून पौर्णिमेपर्यंत आमचे स्वयंपाकघर आमचे राहत नाही. घरची मंडळी त्यांच्याच पंगतीला आनंदाने बसतात. अडचण होते ती एकट्या आमची.

कारण असे की, रोज रात्री वाड्याच्या चौकात त्याच दिंडीपुढे आमचे कीर्तन असते. आणि जेथे कीर्तन करावे तेथले अन्न घेऊ नये, हा तुकोबांनी कीर्तनकाराला घालून दिलेला दंडक आहे. त्या दंडकात बुक्का, माळ आणि द्रव्य यांचाही निषेध आहे. त्यातला द्रव्याचा भाग आम्हां नारदीय परंपरेच्या हरिदासांनी बिदागीच्या नावाने फार पूर्वीच सैल केला, हे सर्वश्रुत आहे. अन्नाचा नियम मात्र आमच्या घराण्यात पाळला जातो. परगावी तो पाळणे सोपे असते. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच चुलीवर शिजलेल्या अन्नाला तो लागू पडला म्हणजे काय करावे, याचे उत्तर आम्हांस कोणत्याही निबंधग्रंथात सापडले नाही. म्हणून गेली कित्येक वर्षे शुद्ध नवमी ते पौर्णिमा हे सात दिवस आम्ही बाहेर, रोख पैसे मोजून, मिळेल ते खातो. आषाढीचे माहात्म्य या पानावर इतर विद्वान सांगतीलच. आम्ही गतवर्षीच्या त्या सात दिवसांच्या खाण्यापिण्याविषयी लिहिणार आहोत. विषय हलका वाटेल. परंतु अन्न कोणाच्या हातचे, कोणाच्या शेजारी बसून आणि कोणत्या पानावर, हे प्रश्न या गावात कधीही हलके नव्हते.

शास्त्र्याच्या घरात वाढलेल्या माणसाला बाजारच्या अन्नाचे भय लहानपणीच शिकविलेले असते. कोणाकोणाचे अन्न वर्ज्य, याची लांबलचक यादी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. वैद्य, सावकार, सुतार, सोनार, शिंपी, नट, इतकेच काय, गवईसुद्धा तीत आहे! म्हणजे ती यादी कसोशीने पाळायची तर लोकांनी सर्वांत आधी आमच्या घरचे अन्न सोडावे. उलट तैत्तिरीय उपनिषदाची भृगुवल्ली अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, ते पुष्कळ करावे आणि वसतीला आलेल्या कोणालाही परत लावू नये, ही व्रते म्हणूनच सांगते. बाजारात शिजलेले अन्न मिळणे हीदेखील काही कलियुगाची करणी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शिजवलेला भात विकणाऱ्या ‘औदनिका’चा उल्लेख आहे आणि ओळखीच्या प्रवाशाला तो आपल्याकडे उतरवून घेऊ शकतो, अशी तरतूदही आहे. खाणावळवाल्याचे कूळ असे प्राचीन आहे. आम्हां पंडितांनीच त्याला ओळख दिली नाही.

असो. नवमीपासून आरंभ करू.

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि कांदा, लसूण, वांगी ही चार महिने वर्ज्य होतात. म्हणून त्याआधी कांदा पोटभर खाऊन घेण्याचा हा दिवस. व्रताच्या आदल्या दिवसांत अशी मोकळीक देणारा धर्म मनुष्यस्वभाव ओळखणारा आहे, असे आम्हांस नेहमी वाटते. त्या दिवशी पालख्या अद्याप वाखरीला असतात. तेथील रिंगण पाहण्यास निम्मे गाव गेलेले असते आणि उरलेले निम्मे भज्यांच्या कढईभोवती उभे असते. आमचा नेहमीचा भजीवाला महाद्वाराच्या अलीकडे एका बोळाच्या तोंडाशी बसतो. कांदा उभा चिरून, मीठ लावून तो जरा वेळ ठेवतो. कांद्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन मळतो, वरून पाणी घालीत नाही. त्यामुळे भजे वेडेवाकडे पण आतपर्यंत कुरकुरीत उतरते. घरी झुणका, भरीत, कांद्याची थालिपिठे असा बेत असतो खरा. तथापि कांदेनवमीचा मान कढईतल्या भज्यालाच द्यावा लागेल.

त्याच्या बाकड्यावर गतवर्षी आमच्या एका बाजूला परजिल्ह्यातून बंदोबस्तासाठी आलेला तरुण पोलीस शिपाई होता आणि दुसऱ्या बाजूला झाडूवाल्या दोघी जणी. यात्रेसाठी जादा सफाई कामगार बाहेरगावांहून आणतात, त्यांतल्या त्या. हातातले झाडू त्यांनी भिंतीला टेकवून ठेवले होते. भजीवाल्याने चौघांनाही एकाच कढईतली, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, सारखीच भजी दिली आणि मिरची मागितल्यावर सारखीच कुरकुर केली. त्यांतली वयस्क बाई आम्हांस म्हणाली, “महाराज, तुमी कीर्तनातले न्हवं? मागल्या साली वाळवंटात ऐकलंया.” आम्ही होय म्हटल्यावर तिने दोघींची जागा चाचपून थोडे सरकून घेतले. सरकण्याचे काही कारण नव्हते. ते सरकणे आमच्या चांगलेच लक्षात राहिले.

दशमीला पालख्या गावात येतात आणि खाण्याचा विचारच मागे पडतो. दुपारनंतर मुख्य रस्त्यांवर पाऊल टाकायला जागा नसते. त्या दिवशी आमचा आधार म्हणजे पहाटेचा चहा आणि दुपारची पिठले-भाकरी.

चहाविषयी थोडे सांगितले पाहिजे. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींसमोर मिशनऱ्यांनी चहा ठेवला आणि तेवढ्यावरून प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली, हा इतिहास आहे. प्रकरण शंकराचार्यांपुढे गेले. दोन्ही थोर पुरुषांनी प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करला. पेला कोणाचा, हा तेव्हा धर्माचा प्रश्न होता. आज नवी पेठेतल्या चहाच्या गाड्याकडे पहाटे साडेचार वाजता पाहावे. बसचालक, बडव्यांच्या घरचे म्हातारे गृहस्थ, फुलांचे हारे घेऊन आलेल्या बाया, चार विणेकरी, आणि आमच्यासारखा एखादा शेंडीवाला, सर्वांचे ओठ त्याच काचेच्या पेल्यांना लागतात आणि ते पेले एकाच बादलीत विसळले जातात. स्वच्छतेच्या दृष्टीने ती बादली आम्हांस आवडत नाही आणि आम्ही ते चहावाल्यास दरवर्षी सांगतो. धर्माच्या दृष्टीने मात्र तिच्याइतके थोर तीर्थ त्या पेठेत दुसरे नसेल.

पिठले-भाकरीच्या बाया आसपासच्या खेड्यांतून येतात. रस्त्याच्या कडेला तीन दगडांची चूल मांडतात आणि समोर बसून भाकरी थापतात. भाकरी तव्यावरून आरावर, आरावरून थेट गिऱ्हाइकाच्या हातावर. बरोबर पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी असेल तर भाकरीला पांढरी झाक आणि किंचित गोडी असते. त्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मंगळवेढे म्हटले की आम्हां कीर्तनकारांना ज्वारीआधी चोखोबा आठवतात. तेथील गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून ते तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारात समाधी बांधली. ज्याला आत येऊ दिले नाही त्याची समाधी दाराशी, आणि नामदेवांची पायरीही तेथेच.

चोखोबांचे आख्यान महिपतींच्या भक्तविजयात आहे आणि आम्ही ते शेकडो वेळा लावले आहे. देव चोखोबांच्या घरी जेवायला बसतो. वाढताना दही सांडते आणि देवाच्या पीतांबरावर पडते. बाहेरून संवाद ऐकणारा बडवा चोखोबांच्या गालावर मारतो आणि राउळात येऊन पाहतो तो देवाचा गाल सुजलेला, पीतांबरावर दह्याचा डाग. या आख्यानाला श्रोते डोळे पुसतात. आमचे म्हणणे एवढेच की यात देव बाहेर जेवला आहे, ही साधी गोष्ट आपण नीट ऐकत नाही. बत्तीस भोजनांचा नैवेद्य राउळात असताना तो वेशीबाहेरच्या घरी दहीभात खायला गेला. भाकरी थापणाऱ्या त्या बाईसमोर मातीत उकिडवे बसून जेवताना आमच्या मनात हे आख्यान आपोआप चालू होते.

एकादशी! या दिवशी पंढरपुरात अन्न शिजत नाही असा समज आहे. प्रत्यक्षात एवढे शिजते की विचारू नका. शासकीय महापूजा पहाटे आटोपते, चंद्रभागेत स्नानांची रीघ लागते, पालख्यांची नगरप्रदक्षिणा चालते, आणि प्रदक्षिणामार्गावर दोन्ही बाजूंनी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, केळी यांची लयलूट असते. आमचा भजीवाला दशमीच्या रात्री कढई राखेने आणि चिंचेने घासून लखलखीत करतो, जुने तेल काढून टाकतो, आणि एकादशीला त्याच कढईत साबुदाण्याचे वडे तळतो. कांद्याचा वास राहिला की काय, हे तो पहिला वडा आम्हांस देऊन तपासून घेतो. आजवर आम्हांस तो वास आलेला नाही.

उपवासाच्या या पदार्थांविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. तमिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने निघाले ते गेल्या शतकाच्या चाळिशीत. बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही चारही त्याच खंडांतून समुद्रमार्गे आलेली, आणि राजगिऱ्याचे मूळही तिकडलेच सांगतात. हेमाद्रीने यादवांच्या काळात व्रतखंड लिहिला तेव्हा यांतले काहीही त्याच्या पाहण्यात नव्हते. याच पंढरपुरात राहून काशीनाथशास्त्री उपाध्ये, म्हणजे बाबा पाध्ये, यांनी शके १७१२ मध्ये, सन १७९० च्या सुमारास, धर्मसिंधु पूर्ण केला. तोही साबुदाण्याच्या बाबतीत मौन पाळतो. निबंधकारांनी सांगितले आहे ते असे की, निराहार झेपत नसेल तर एकभुक्त रात्री जेवावे, हविष्यान्न घ्यावे, फळे, तीळ, दूध, पाणी, तूप अशा पायऱ्या आहेत आणि पुढची पायरी मागचीपेक्षा श्रेष्ठ. साबुदाण्याला त्या उतरंडीत जागा मिळाली ती घरोघरच्या बायकांनी दिली, शास्त्र्यांनी नव्हे. आम्हांला त्यात वावगे काही दिसत नाही. शेकडो कोस चालून आलेल्या शेतकऱ्याला वायुभक्षण सांगणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. मात्र जे लोक अमेरिकेच्या कंदाला पवित्र मानतात आणि शेजारच्या माणसाच्या हाताला अपवित्र मानतात, त्यांच्या तर्कशास्त्राचे आम्हांस कोडे पडते.

या ताटात ऋषींच्या ओळखीचे धान्य एकच, भगर. संस्कृतातला श्यामाक तो याच जातकुळीचा. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतलेच्या पायांत घोटाळणारे हरणाचे पाडस तिने श्यामाकाच्या मुठी भरवून वाढविलेले आहे. स्टेशन रस्त्यावरच्या एका खाणावळीत भगरीवर शेंगदाण्याची आंबटगोड आमटी ओतताना आम्ही हे वाढप्या पोराला सांगितले. तो म्हणाला, “काका, हरणाला आमटी नव्हती ना?” नव्हती, हे कबूल करणे भाग पडले. आश्रमापेक्षा खाणावळ त्या बाबतीत सरस ठरली.

आता द्वादशी. या लेखातली खरी गोष्ट येथे आहे.

एकादशीचा उपवास द्वादशी असतानाच सोडावयाचा असतो, आणि तिचा पहिला चतुर्थांश, ज्याला हरिवासर म्हणतात, तो टळल्यावर. पारण्याची ही वेळ साधण्यासाठी सकाळपासून साऱ्या गावात पाने मांडली जातात. मठ, धर्मशाळा, फड, अन्नछत्रे, सर्वत्र वरण-भात, शिरा, कोठे पुरणपोळी. फुकट आणि पोटभर. लाखो माणसांची बारस एका सकाळी सुटते. एवढे अन्नदान करणाऱ्या हातांना नमस्कारच केला पाहिजे. ज्या ठिकाणी आमचे कीर्तन झालेले नाही तेथे जेवण्यास आमच्या नियमाची हरकत नसते. म्हणून गतवर्षी द्वादशीला आम्ही एका मोठ्या मठात पंगतीला बसलो. मठाचे नाव लिहीत नाही.

पत्रावळी मांडल्या होत्या. आमच्या डावीकडे मराठवाड्यातला एक म्हातारा शेतकरी व त्याची कारभारीण. भात वाढला जात होता तेवढ्यात व्यवस्थापकांपैकी एकाने आम्हांस ओळखले. “शास्त्रीबुवा, आपण इथे कुठे? आपलं पान आत आहे.” आम्ही येथेच बरे आहोत म्हटले, तर दोघे जण हाताला धरून उठवू लागले. आत पाट, चौरंग, रांगोळी, केळीचे पान, तुपाची चांदीची वाटी. महाराज मंडळी आणि काही बडे देणगीदार. तिकडे जाणारी वाट मागल्या चौकातून होती. त्या चौकात भिंतीकडेला कामवाल्या बायका आणि झाडूवाले बसून होते. पंगती उठल्या की शेवटी त्यांना वाढायचे होते. कांदेनवमीच्या बाकड्यावरची ती वयस्क बाई त्यांत होती. तिने नमस्कार केला.

आम्ही व्यवस्थापकास विचारले, यांना आता का वाढीत नाही? तो शांतपणे म्हणाला, “बुवा, त्यांचं काम पंगत उठल्यावर सुरू होतं. आधी जेवले तर उष्टी कोण काढणार?” उत्तर व्यवहाराचे होते आणि त्यात द्वेष नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. त्याच मठात आदल्या वर्षी काल्याचे कीर्तन झाले होते, आणि सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून देवाने आपल्या हाताने वाटल्या हे तेथल्याच व्यासपीठावरून सांगितले गेले होते. आम्ही आतल्या पानावर बसलो नाही आणि बाहेरही परत गेलो नाही. त्या चौकात, भिंतीकडेला, शेवटच्या पंगतीची वाट पाहत बसलो. तास-दीड तास गेला असेल. द्वादशी सरायला आली होती. धर्मसिंधुकारांनी अशा वेळी पाण्याने पारणे करण्याची सोय सांगितली आहे, तिचा उपयोग करून आम्ही आचमनाएवढे पाणी घेतले. मग वाढप आले. भात गार झाला होता, वरणाचा तळ लागला होता, शिरा संपला होता. व्यवस्थापक मंडळींना आमचे तेथे बसणे आवडले नाही आणि यंदा आम्हांस त्या मठाचे निमंत्रण आलेले नाही. तूप मात्र आले होते, कारण वाढणाऱ्या पोराने आतली चांदीची वाटीच उचलून आणली होती. ती त्या भिंतीच्या कडेने सर्वांच्या भातावर फिरली.

याच गावात १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून त्यांनी दहा दिवस अन्न सोडले आणि दार उघडले. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या पुष्कळ शास्त्र्यांचा त्याला विरोध होता. गाडगेबाबांनी येथेच चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, तीही अशाच गरजेतून. अनेकांना उतरायला आणि भाकरी खायला गावात दुसरी जागा नव्हती. आज राउळात कोणी कोणाची जात विचारीत नाही. रांगेत तर नाहीच नाही. पान मांडताना मात्र कोण आत, कोण पंगतीत आणि कोण शेवटी, हे न विचारताच ठरलेले असते. आम्ही सात दिवस ज्या बाकड्यांवर, फरशांवर आणि पदपथांवर खाल्ले तेथे हे ठरविण्यास कोणाला सवडच नव्हती. ज्याने पैसे दिले त्याला आधी, इतकाच तेथला शास्त्रार्थ. पैशाचा नियम हा काही थोर नियम नव्हे, ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला तो उपाशी ठेवतो, हे आम्ही जाणतो. फुकटच्या अन्नाने हा दोष दूर केला. त्याच्या पंक्तीत दुसरा दोष शिरू नये एवढीच अपेक्षा आहे. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्यांना पहिल्या पंगतीत बसवून उष्टी काढण्याचे काम देणगीदारांनी अर्धा तास केले, तर ते कोणत्याही व्रतखंडात न सांगितलेले पण सहज घडण्याजोगे व्रत होईल. काही लहान फडांवर वाढणारे आणि जेवणारे आळीपाळीने बदलतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

त्रयोदशी आणि चतुर्दशी हे दिवस थकव्याचे. गावाचे, माणसांचे आणि देवाचेही. यात्रेच्या काळात विठोबाचा पलंग काढलेला असतो, रात्रंदिवस दर्शन चालू असते, निद्रा नाही. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि शिणवटा जावा म्हणून देवाला औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवितात. भक्तांचीही तीच अवस्था असते, म्हणून आम्ही या दोन दिवसांत ताक आणि दूध यांवर राहिलो. लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशीचे दूध घट्ट असते. गवळ्याच्या दारात उभे राहून निरसे प्यावे. पाण्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. आमच्या बालपणी यात्रेच्या वाटांवर पटकीची लस टोचणारी पथके उभी असत आणि दंड दुखण्याला भिऊन आम्ही पोरे माळ्यावर लपत असू. ते भय आता उरलेले नाही. उकळलेल्या पाण्याचा नियम मात्र उरू द्यावा.

चतुर्दशीची संध्याकाळ आम्ही दरवर्षी भडभुंज्याच्या भट्टीपाशी काढतो. परतीच्या वारकऱ्याला प्रसाद हवा असतो: चुरमुरे, फुटाणे, बत्तासे, पेढे. चण्याचे सोललेले खमंग डाळे साऱ्या महाराष्ट्रात ‘पंढरपुरी डाळे’ म्हणून चिवड्यात पडते, त्याचे मूळ या भट्ट्यांत आहे. कढईतली वाळू लाल तापलेली, तीत मीठपाण्यात मुरवून वाळविलेला तांदूळ पडतो, क्षणात फुलतो आणि चाळणीने वाळूपासून वेगळा होतो. भट्टीवाला एका हाताने ढवळतो, दुसऱ्याने घाम पुसतो आणि बोलत मुळीच नाही. त्याच्या दारात ऊन ऊन चुरमुऱ्यांची ओंजळ खाणे हे आमचे त्या दिवशीचे जेवण. हे एकच ठिकाण असे आहे की जेथे आम्हांकडून पैसे घेतले जात नाहीत. आणि तेथे कीर्तन केलेले नसल्याने ते नाकारण्याचे कारणही नाही.

पौर्णिमेला गोपाळपुरी काला. पहाटेपासून दिंड्या गोपाळपूरची वाट धरतात. टेकाडावर गोपाळकृष्णाचे मंदिर आहे. जनाबाईचे जाते तेथे दाखवितात. अभंग, गौळणी, हुतूतू, फुगड्या, आणि मग ज्वारीच्या लाह्या आणि दही एकत्र कालवून वाटले जाते. आम्हां कीर्तनकारांच्या नियमाला येथे अपवाद आहे. काल्याचे कीर्तन करणारा काला खातो. तो त्या दिवशी यजमानाचे अन्न खात नाही, सर्वांचे खातो. म्हणून दंडक मोडत नाही, असा परंपरेचा निर्वाळा आहे.

गतवर्षी आमच्या दिंडीचे काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. ते संपल्यावर मडके फुटले, शेकडो हात पुढे आले, ज्याच्या हाती जे लागले ते त्याने शेजाऱ्याच्या तोंडात घातले. आमच्या तोंडातही एक मूठ कोंबली गेली. हात कोणाचा होता ते गर्दीत कळले नाही. बांगड्या होत्या, एवढे दिसले. दही आंबट झाले होते आणि लाह्या भिजून मऊ पडल्या होत्या. आम्ही हात उपरण्याला पुसले, वाटेतल्या पाणपोईवर पाणी प्यायलो आणि वाड्यावर परतलो. दिंडीची भांडी तोवर ट्रकमध्ये चढली होती आणि घरची मंडळी चुलीची राख भरत होती.